दम्यावर संशोधन करायचंय पण एमबीबीएस नाही, बायोकेमिस्ट्रीतून जमेल का?

ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विचारणारी मुलगी गोव्यातल्या साखळी गावची आहे, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे, आईला बरीच वर्षं दमा आहे, पावसाळा लागला की गोमेकॉच्या (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या) फेऱ्या सुरू होतात, आणि म्हणून तिला दम्यावरच संशोधन करायचंय. वर्गात ल्युकोट्राईन (शरीरात बनणारे, श्वासनळी आवळणारे लिपिड, म्हणजे चरबीच्या जातीचे रेणू) शिकवली तेव्हा तिला वाटलं की आपला विषय हाच. पण घरचे आणि एकदोन शिक्षक म्हणतायत की डॉक्टर नसशील तर दम्यावर काय काम करणार, त्यापेक्षा वेर्ण्याला फार्मा कंपनीत लाग. तर पीएच.डी. करावी की नोकरी धरावी, आणि या लिपिडांच्या विषयात करण्यासारखं अजून काही उरलंय का, असं तिने विचारलंय.

मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणते. मी बायोकेमिस्ट, मूळची डिचोलीची, पीएच.डी. गोव्याबाहेर केली. अरॅकिडोनिक ॲसिडपासून शरीरात जे लिपिड तयार होतात, सूज आणणारे आणि सूज उतरवणारे, ते मोजणं हेच माझं काम राहिलंय, आणि त्यात दम्याच्या पेशंटांचे नमुने खूप हाताळलेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईच्या औषधांबद्दल पुढे जे लिहिलंय ते तेवढ्यापुरतंच धर.

बघ, तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या इच्छा एकमेकांत मिसळल्यात असं मला वाटतं. एक म्हणजे आईसारख्या माणसाला बरं वाटावं. दुसरी म्हणजे श्वासनळीत नेमकं काय घडतं ते आपल्याला कळावं. दोन्ही खऱ्याच आहेत पण दोन्हींचा रोजचा दिवस अगदी वेगळा असतो. पहिल्या कामात समोर माणूस असतो, त्याची धाप असते, त्याला इन्हेलर ओढायला शिकवायचा असतो. दुसऱ्या कामात समोर असते ट्यूब, तिच्यावर नाव नसतं, नुसता कोड असतो, आणि कित्येक महिने तुला एकही पेशंट दिसत नाही. हे तुला चालेल का हा पहिला प्रश्न, एमबीबीएसचा प्रश्न त्याच्या नंतरचा. माणसांशी बोलल्याशिवाय चैन पडत नसेल तर क्लिनिकल रिसर्चमध्ये किंवा पब्लिक हेल्थमध्ये जा, तिथेही दम्यावर खूप चांगलं काम होतं आणि तिथेही एमबीबीएस लागतंच असं नाही. पण ल्युकोट्राईन शिकताना झोप उडाली असेल, ही साखळी कोणी आणि कशी शोधली असेल असा विचार मनात येत राहिला असेल, तर तू आमच्यातली आहेस, मग पुढचं वाच.

डॉक्टर नसेल तर दम्यावर काम करता येत नाही याला माझ्याकडे सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे ल्युकोट्राईनच कशी सापडली ती हकीकत. पुस्तकात ती एका ओळीत येते आणि त्यामुळे मुलांना वाटतं की कोणीतरी दम्याचं कारण शोधायला बसलं आणि त्याला ते सापडलं. तसं अजिबात झालेलं नाही.

१९३८ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला फेल्डबर्ग आणि केलवे हे दोघे नागाच्या विषाचा फुफ्फुसावर काय परिणाम होतो ते बघत होते. प्राण्याच्या फुफ्फुसातून द्रव खेळवायचा, त्यात विष सोडायचं, आणि बाहेर आलेला द्रव गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकून तो तुकडा किती आकसतो ते मोजायचं. हिस्टामिनने (ॲलर्जीत शरीर सोडतं त्या पदार्थाने) तुकडा पटकन आकसतो आणि पटकन सैल पडतो. इथे मात्र तो सावकाश आकसत गेला आणि बराच वेळ तसाच राहिला. म्हणजे हिस्टामिनशिवाय आणखी काहीतरी होतं. त्याला त्यांनी स्लो रिॲक्टिंग सबस्टन्स म्हटलं, एसआरएस. १९६० मध्ये ब्रॉकलहर्स्टने दाखवलं की ॲलर्जीच्या रिॲक्शनमध्येही फुफ्फुसातून असाच पदार्थ सुटतो. अँटिहिस्टामिन देऊन दमा का थांबत नाही हे कोडं डॉक्टरांना होतंच, त्यामुळे संशय या पदार्थावर गेला. पण तो आहे काय ते ४० वर्षं कळलं नाही कारण तो इतका कमी प्रमाणात बनतो आणि इतका नाजूक असतो की शुद्ध करेपर्यंत हातात काही उरत नव्हतं.

आता स्टॉकहोमला कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये बेंग्ट सॅम्युएलसन नावाचे संशोधक होते. ते सुने बर्गस्ट्रॉमचे विद्यार्थी, सुरुवातीची वर्षं प्रोस्टाग्लँडिनवर (सूज, ताप, वेदना यांत भाग घेणाऱ्या लिपिडांवर) गेलेली, त्या काळी मेंढ्यांच्या ग्रंथी आणून त्यातून हे पदार्थ काढावे लागत. १९६० च्या दशकात कळलं की प्रोस्टाग्लँडिन अरॅकिडोनिक ॲसिडपासून बनतात, म्हणजे २० कार्बन आणि ४ डबल बाँडवाल्या एका फॅटी ॲसिडपासून. मग त्यांनी ते ॲसिड पकडलं आणि ते जाईल तिकडे मागे मागे गेले. प्लेटलेटमध्ये गेलं तर १९७५ मध्ये थ्रोम्बॉक्सेन ए-२ (रक्त गोठायला मदत करणारा रेणू) सापडलं, ज्याचं अर्धं आयुष्य शरीराच्या तापमानाला जेमतेम ३० सेकंद. इतकं अल्पजीवी काही असेल तर ते वेगळं काढता येत नाही, म्हणून त्यांनी रिॲक्शन चालू असतानाच भरपूर मिथेनॉल ओतून तो मधला पदार्थ जागच्या जागी अडकवला आणि अडकलेल्या रूपावरून मूळ रूप ओळखलं. ही युक्ती नीट लक्षात ठेव कारण पुढे हीच कामी आली.

मग त्यांनी पांढऱ्या पेशींकडे बघितलं. सशाच्या न्यूट्रोफिलमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अरॅकिडोनिक ॲसिड टाकलं तर प्रोस्टाग्लँडिन नाही, वेगळंच काही बनत होतं, पाचव्या कार्बनवर ऑक्सिजन लागलेलं. क्यूबेकचा पियेर बॉर्झा तेव्हा तिथे होता, त्याने आणि सॅम्युएलसननी दाखवलं की मध्ये एक अस्थिर इपॉक्साईड (ऑक्सिजनचं छोटं कडं असलेला रेणू) आहे, पुन्हा अल्कोहोलने अडकवूनच दाखवलं. त्यातून जे पदार्थ निघतात त्यात ३ डबल बाँड ओळीने असतात, म्हणून यूव्हीमध्ये ३ शिखरांचा एक ठरावीक आकार दिसतो, मधलं शिखर २७० नॅनोमीटरच्या आसपास. आणि एसआरएसचे जे अर्धवट शुद्ध केलेले नमुने होते त्यांचा आकारही तसाच होता, फक्त शिखर २८० ला सरकलेलं. १० नॅनोमीटरचा हा फरक बघून त्यांनी विचार केला की त्या ओळीला लागून गंधक असेल. एसआरएस तयार करताना सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो ॲसिड) घातलं की उत्पन्न वाढतं हेही जुळत होतं. १९७९ मध्ये रॉबर्ट मर्फी, स्वेन हॅमरस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांनी दाखवून दिलं की एसआरएस म्हणजे हेच लिपिड, त्याला गंधकावाटे पेप्टाईड जोडलेलं, ज्याला आज आपण ल्युकोट्राईन सी-४ म्हणतो आणि ते पेप्टाईड म्हणजे ग्लुटाथायोन. हार्वर्डच्या कोरींनी ते रेणू प्रयोगशाळेत बनवून रचना पक्की केली. १९८० मध्ये माणसाच्या श्वासनळीच्या तुकड्यांवर टाकून बघितलं तर हिस्टामिनपेक्षा साधारण हजारपट जोरदार. १९८२ चं नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि जॉन व्हेन या तिघांना मिळालं. सॅम्युएलसन २०२४ मध्ये गेले, ९० वर्षांचे होऊन.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण यातच तुझं उत्तर आहे. या माणसाने आयुष्यभर एका रेणूचा माग काढला आणि त्या वाटेवर त्याला दमा भेटला. दम्यापासून सुरुवात करणाऱ्यांना मात्र ४० वर्षं तोच पदार्थ सापडत नव्हता, आणि ते काही कमी हुशार नव्हते, त्यांच्याकडे तो रेणू पकडायची रीत नव्हती इतकंच. म्हणून मी मुलींना सांगते की आजार मनात ठेवा पण पीएच.डी.चा प्रश्न रेणूबद्दलचा घ्या आणि मोजायची एक रीत अशी शिका की त्यात तुमच्या हाताला तोड नसेल.

खरं ते सगळंच सांगायला हवं, सॅम्युएलसन स्वतः मेडिसिन शिकलेले होते. तेव्हा त्यांचं नाव घेऊन डॉक्टरकी लागतच नाही असं मी म्हणणार नाही. पण मर्फी केमिस्ट, कोरी केमिस्ट, व्हेनसुद्धा आधी केमिस्ट्री शिकून मग फार्माकॉलॉजीत गेलेले. सगळं काम एकट्या डॉक्टरने किंवा एकट्या केमिस्टने केलेलं नाही. तुला एमबीबीएस नकोय, तुला एक चांगला चेस्ट फिजिशियन सहकारी हवाय जो तुझं ऐकेल आणि ज्याचं तू ऐकशील, आणि तो मिळणं हे डिग्रीपेक्षा जास्त तुझ्या गाईडवर अवलंबून आहे. त्यावर पुढे येतेच.

आता उरलंय काय, या प्रश्नाकडे. आईच्या चिठ्ठीवर मॉन्टेल्युकास्ट असेलच, आपल्याकडे ते सर्दीखोकल्यालाही सर्रास लिहितात. ते याच कामातून आलेलं औषध, ल्युकोट्राईन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर बसते ती जागा अडवणारं. रचना कळली १९७९ ला, या जातीची पहिली औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ मध्ये, मॉन्टेल्युकास्ट १९९८ मध्ये. म्हणजे रेणू कळल्यापासून गोळी हातात पडेपर्यंत १७ ते १९ वर्षं. तुझ्या पीएच.डी.च्या काळात आईला तुझ्या कामाचा उपयोग होईल अशी आशा धरून सुरुवात करू नकोस बाय, हे मला मनापासून सांगायचंय, कारण त्या आशेने आलेली मुलं तिसऱ्या वर्षाला खचतात आणि ती चांगली मुलं असतात.

आणि ती गोळी आल्यावर दमा संपला का, तर नाही. बहुतेकांना इन्हेलरमधलं स्टिरॉईडच जास्त उपयोगी पडतं, ल्युकोट्राईनची गोळी बऱ्याच लोकांना थोडी मदत करते, काहींना खूप, काहींना काहीच नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) मॉन्टेल्युकास्टवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, झोप बिघडणं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार या तक्रारींमुळे. मग इतका जोरदार रेणू अडवूनही सगळ्यांना फायदा का होत नाही? कारण दमा हा एकच आजार नाही. कोणाचा ॲलर्जीचा, कोणाचा उशिरा सुरू झालेला, कोणाचा वजनाशी जोडलेला, आणि यातल्या प्रत्येकात ल्युकोट्राईनचा वाटा वेगळा. कोणात तो मोठा आहे हे औषध सुरू करायच्या आधी कसं ओळखायचं याचं रोजच्या ओपीडीत चालेल असं उत्तर अजून नाही. हे काम पूर्णपणे बायोकेमिस्टचं आहे आणि ते अजून व्हायचंय.

एक उदाहरण घेते ज्यात आपला विषय सगळ्यात स्पष्ट दिसतो. दमा असलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण ७ टक्क्यांना ॲस्पिरिन किंवा तसलं वेदनाशामक घेतलं की अर्ध्या तासापासून दोनतीन तासांत नाक वाहायला लागतं आणि जोरात दमा उठतो, बहुतेकांना नाकात पॉलिपही असतात. व्हेनने १९७१ मध्ये दाखवलं होतं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनवणं बंद करतं. मग पुष्कळ वर्षं असं शिकवायचे की खाजनात (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतजमिनीत) एक मानस (पाणी सोडायचं दार) बंद केली की पाणी दुसऱ्या मानशीतून जोरात जातं, तसं एक वाट बंद झाली की अरॅकिडोनिक ॲसिड ल्युकोट्राईनच्या वाटेने वळतं. ऐकायला पटतं, पण जास्त पुरावा वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवतो: प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा ५-लायपॉक्सिजिनेजवरचा (ल्युकोट्राईन बनवणाऱ्या एन्झाईमवरचा) ब्रेक आहे, ॲस्पिरिनने तो ब्रेक निघतो, आणि या लोकांमध्ये ब्रेक आधीच कमजोर असतो. या दोन समजुतींतून वेगवेगळी औषधं सुचतात, म्हणून कुठली बरोबर हे महत्त्वाचं. आणि हे ठरतं कशावरून, तर या पेशंटांच्या लघवीत ल्युकोट्राईन ई-४ (सी-४ पासून शरीरात शेवटी उरणारं रूप) किती चढतं हे कोणीतरी नीट मोजलं म्हणून.

उरलेलं पटापट सांगते. प्रोस्टाग्लँडिन डी-२ च्या एका रिसेप्टरवर लोकांनी खूप आशा ठेवली होती, फेव्हिपिप्रांट नावाचं औषध छोट्या ट्रायलमध्ये छान दिसलं आणि २०१९ मध्ये मोठ्या ट्रायलमध्ये पडलं. का पडलं हे शोधणं हाही विषय आहे. दुसरं म्हणजे सूज उतरवणारे लिपिड, १९८४ मध्ये सॅम्युएलसनच्याच लॅबमध्ये सेरहान वगैरेंनी लिपॉक्सिन शोधलं आणि मग रिझॉल्विन आले. कल्पना फार सुंदर आहे, की सूज आपोआप विझत नाही, शरीर ती मुद्दाम विझवतं. पण माणसाच्या रक्तात हे रेणू खरोखर कितपत असतात यावर अजून जोरात वाद आहेत, आणि ते वाद मोजमापाचेच आहेत. ज्याला कमी प्रमाण नीट मोजता येतं तो या वादात काहीतरी ठोस बोलू शकतो. बाकीच्यांनी मतं मांडायची.

तर इथपर्यंतचं एकत्र: डॉक्टर नसणं ही अडचण नाही, विषय संपलेला नाही, पण त्यातली खरी अवघड गोष्ट मोजमाप आहे आणि फळ उशिरा येतं. आता हे मोजमाप रोज कसं असतं ते सांगते, कारण पीएच.डी. म्हणजे शेवटी हेच.

हे लिपिड शरीरात साठवलेले नसतात, गरज पडली की त्या क्षणी बनतात. याचा अर्थ तू सुई टोचलीस, रक्त ओढलंस, ट्यूब हलवलीस, की पेशी चिडून ते बनवायला लागतात आणि तू जे मोजतेस त्यातलं किती पेशंटमध्ये होतं आणि किती तुझ्या सिरिंजमध्ये बनलं हे कळत नाही. गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये थ्रोम्बॉक्सेन मोजून कोणी म्हणालं की पेशंटमध्ये थ्रोम्बॉक्सेन वाढलंय, तर तो आकडा ट्यूबचा आहे, पेशंटचा नाही. म्हणून आम्ही रक्त घेतानाच ट्यूबमध्ये एन्झाईम थांबवणारं औषध आणि अँटिऑक्सिडंट घालतो, लगेच बर्फात, लगेच थंड सेंट्रिफ्यूज, लगेच उणे ८० अंशाचा फ्रीझर. आणि जमेल तिथे रक्ताऐवजी लघवी घेतो, कारण ल्युकोट्राईन ई-४ तिथे बऱ्यापैकी टिकतं, पेशंटला सुई लागत नाही, आणि आदल्या काही तासांत शरीरात काय झालं त्याची बेरीज मिळते. आकडा क्रिएटिनिनने (लघवीतल्या एका नेहमीच्या टाकाऊ पदार्थाच्या मापाने) भागून द्यायचा म्हणजे कोणी पाणी जास्त पिऊन आलं तरी तुलना करता येते.

मग पुढे लिपिड वेगळे काढायचे, त्यात सुरुवातीलाच ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) लावलेला तोच रेणू ठरावीक मापाने घालायचा, याला इंटरनल स्टँडर्ड म्हणतात, म्हणजे वाटेत जेवढं वाया जाईल तेवढं दोघांचं सारखंच जाईल आणि शेवटी गुणोत्तर बरोबर राहील. मग एलसी-एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून मोजणारं यंत्र, मास स्पेक जोडलेलं. इथे एक मत देते जे काही लोकांना आवडणार नाही: श्वासातून सोडलेल्या वाफेचं पाणी गोळा करून त्यात एलायझा किटने (अँटिबॉडी वापरणाऱ्या तयार चाचणीने) ल्युकोट्राईन मोजलेले जे खूप पेपर आहेत, त्यातले बरेच आकडे किटच्या मोजण्याच्या मर्यादेला चिकटलेले असतात आणि मी त्यांच्यावर फार विश्वास ठेवत नाही. पेशंटला त्रास न देता मोजायची इच्छा चांगलीच, पण मोजता न येणारं मोजलं असं म्हणू नये. तू पेपर वाचायला घेशील तेव्हा निष्कर्ष वाचायच्या आधी नमुना कसा घेतला, किती वेळात गोठवला, इंटरनल स्टँडर्ड कुठल्या पायरीला घातलं, हे तीन मुद्दे शोध. नसतील तर पेपर बाजूला ठेवलास तरी चालेल.

आपल्याकडे यात गोव्याच्या हवेची भर. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की वजनकाट्यावर पावडर ठेवली की आकडा डोळ्यासमोर चढत जातो, सिलिका जेल सतत तापवून वाळवावं लागतं, आणि वीज गेली की आधी उणे ८० कडे धावायचं. नमुने साठवताना एकाच फ्रीझरवर भरवसा ठेवू नये, अर्धे दुसऱ्या ठिकाणी ठेवावेत. त्याच वेळी पावसाळा ही आपली संधीपण आहे. भिंतींना बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास, गाद्यांमध्ये धुळीतले किडे, आणि त्याच महिन्यांत पेशंट वाढतात, म्हणजे एकाच माणसाचे मे मधले आणि ऑगस्टमधले लघवीचे नमुने शेजारी ठेवून बघता येतात. त्याला फार महागडं काही लागत नाही, लागते ती शिस्त आणि बांबोळीहून लॅबपर्यंत बर्फ टिकवणारी पेटी. असा अभ्यास गोव्यातल्या मुलीने करावा असं मला फार वाटतं.

आता करिअरचं. इथे बरंच तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती मला माहीत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

घरी लगेच पैशांची गरज नसेल तर सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे, बायोकेमिस्ट्रीवाल्यांना लाईफ सायन्सेसचा पेपर असतो, जोडीला गेट दे. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,००० असा दर आहे, वर घरभाडं. पैसे कधीकधी उशिरा येतात, काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा लागतो. पीएच.डी.ला पाचेक वर्षं धर, पेशंटचे नमुने असले तर जास्तच, कारण एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंट मिळणं, पावसाळ्याचा एक सीझन हुकला तर पुढच्याची वाट बघणं. दम्यावर काम करणाऱ्या जागा देशात आहेत, दिल्लीला आयजीआयबी (सीएसआयआरची जीनोमिक्सची संस्था) आणि वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट ही पटकन आठवणारी, पण मी संस्थेच्या नावापेक्षा गाईड बघायला सांगेन. आपल्या ताळगावच्या पठारावर (गोवा विद्यापीठात) किंवा झुआरीनगरला (बिट्सच्या गोवा कॅम्पसमध्ये) चांगला गाईड मिळाला तर घरापासून लांब जायचं म्हणून जाऊ नकोस, आणि नाही मिळाला तर आई आजारी आहे म्हणून इथेच अडकूनही राहू नकोस. हा दुसरा भाग लिहिताना मला जड जातंय पण ते खरं आहे.

गाईडला भेटशील तेव्हा विषयावर खूप बोलणं होतं आणि कामाच्या गोष्टी राहून जातात. मास स्पेक स्वतःचं आहे की दुसऱ्या विभागाचं, आणि दुसऱ्याचं असेल तर नंबर किती दिवसांनी लागतो, ते विचार. कुठला डॉक्टर सोबत आहे आणि त्याच्याबरोबर आधी एखादा पेपर निघालाय का ते विचार, कारण नुसतं तोंडी हो म्हणणारे डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत नमुने द्यायला विसरतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आणि आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून, गाईडच्या पाठीमागे, किती वर्षं लागली आणि आता कुठे आहेत ते विचार. एक गोष्ट आणखी, विषय नुसता उंदरांवरचा असेल तर नीट विचार कर. उंदराची श्वासनळी ल्युकोट्राईनला गिनीपिगसारखी किंवा माणसासारखी आकसत नाही. उंदरात सूज शिकता येते, जीन काढून बघता येतं, पण श्वासनळी आवळण्याचा प्रश्न तिथे विचारला तर उत्तर दिशाभूल करेल.

घरी पैसे लागत असतील तर वेर्ण्याची किंवा कुंडईची नोकरी धर आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. क्यूसीमध्ये (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) लागलीस तर एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) रोज हाताखाली येईल, मेथड व्हॅलिडेशन म्हणजे काय ते कळेल, कॅलिब्रेशन वेळेवर करायची आणि एकही आकडा न खोडता नोंद ठेवायची सवय लागेल. युनिव्हर्सिटीतून थेट आलेल्या मुलांना हे शिकवायला आम्हाला एक वर्ष जातं. अशी दोनेक वर्षं करून पीएच.डी.ला आलेली मुलं मला नेहमी आवडली आहेत. फक्त दोन गोष्टी सांभाळ: पॅकिंगमध्ये किंवा नुसत्या डॉक्युमेंटेशनमध्ये घेत असतील तर तिथे तुझा हात तयार होणार नाही, आणि जेआरएफला वयाची अट असते, मुलींना सूट असली तरी नेटची तारीख डोक्यात ठेव, नोकरीत वर्षं भराभर जातात.

आईबद्दल थोडंसं. आपल्याकडे इन्हेलरला घाबरून नुसती गोळी चालू ठेवणारे खूप आहेत. तसं असेल तर पुढच्या फेरीला तू सोबत जा आणि डॉक्टरांना विचार की स्टिरॉईडचा इन्हेलर रोजचा आहे का, आणि त्यांच्यासमोर आईला तो ओढायला सांग, कारण चुकीच्या पद्धतीने ओढला तर औषध घशातच बसतं. मॉन्टेल्युकास्ट चालू असेल आणि झोप किंवा मूड बदललेला असेल तर तेही सांग, आपणहून बंद मात्र काही करू नका. आणि डोकेदुखीच्या, सांधेदुखीच्या गोळीने कधी दमा उठला होता का हे आईलाच आठवून विचार, ही गोष्ट पेशंट स्वतःहून सांगत नाहीत कारण त्यांना तो संबंध वाटतच नाही.

राहता राहिलं एम.एस्सी.चं डिझर्टेशन. विषय अजून ठरला नसेल तर मोठं काही घेऊ नकोस. एखादा सोपा नमुना घे, त्यातून लिपिड स्वतःच्या हाताने काढ, आधी माहीत असलेलं प्रमाण त्यात घालून शेवटी किती परत मिळतं ते बघ, आणि तोच नमुना वेगवेगळ्या दिवशी पुन्हा काढून आकडे किती हलतात ते लिहून ठेव. आकडे हलतीलच, ते कुठल्या पायरीला हलतायत हे शोधण्यात तुला रस वाटतो की कंटाळा येतो ते तुझं तुलाच कळेल. रस वाटला तर चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर तो तक्ता इथे टाक, मी बघते आणि कुठल्या गाईडला लिहायचं त्यावर बोलू.